मदतनिधीसाठी गाड्या धुण्याचा उपक्रम: आखणी कशी करायची, दर कसा ठरवायचा

एखाद्याच्या उपचाराचा खर्च असतो, शाळेला ग्रंथालय हवं असतं, भटक्या प्राण्यांच्या निवाऱ्याचं छप्पर गळत असतं. हाताशी उत्साही माणसं असतात, भांडवल मात्र नसतं. अशा वेळी गाड्या धुऊन पैसे उभे करायची कल्पना पुढे येते आणि ती खरोखर चांगली आहे. काम तासाभरात शिकता येतं, साहित्य बेताचं लागतं, पैसे देणारा माणूस चकचकीत गाडी घेऊन जातो आणि जाताना चार जणांना सांगतो.

अडचण होते ती क्रमाची. बहुतेक गट आधी फलक रंगवायला घेतात, मग दर किती ठेवायचा यावर वाद घालतात आणि पाणी कुठून येणार हा प्रश्न आदल्या रात्री निघतो. क्रम उलटा हवा. किती पैसे हवेत, दिवसभरात आपल्या हातून किती गाड्या होतील, त्याला खर्च किती येईल, हे कागदावर आलं की दर जवळजवळ आपोआप समोर येतो. दर हा सगळ्यात शेवटचा आकडा आहे, पहिला नव्हे.

आधी कारण आणि रक्कम

"गरजूंच्या मदतीसाठी" एवढ्यावर पैसे देणारे थोडे. "दवाखान्याच्या प्रतीक्षागृहासाठी दहा खुर्च्या" म्हटलं की माणूस विचार करतो, एक खुर्ची तरी माझ्याकडून होऊ दे. कारण असं ठोस आणि मोजता येणारं निवडा. रक्कमही ठरवा आणि ती सगळ्या स्वयंसेवकांना पाठ असू द्या, कारण गाडी पुसताना मालक तेच विचारणार आहे.

पैसे दुसऱ्या संस्थेसाठी गोळा करत असाल तर त्या संस्थेचं लेखी संमतीपत्र आधी घ्या. तिचं नाव आणि चिन्ह फलकावर वापरायला परवानगी आहे का, पैसे कोणत्या खात्यात जाणार, पावती कोण देणार, हे त्या पत्रात स्पष्ट असावं. सार्वजनिक ठिकाणी निधी गोळा करायला परवानगी लागते का आणि देणगीदाराला करसवलत मिळते का, याचे नियम जागोजागी वेगळे असतात. स्थानिक कार्यालयात विचारून खात्री करा. करसवलतीबद्दल एक सावधगिरी: बदल्यात गाडी धुऊन मिळते म्हटल्यावर दिलेली सगळी रक्कम देणगी धरली जाईलच असं नाही. खात्री नसेल तर फलकावर तसं आश्वासन देऊ नका.

दिवसात किती गाड्या होतील?

हा आकडा अंदाजाने काढू नका. गटातल्याच तीन-चार गाड्या आणा, घड्याळ लावा आणि धुऊन पाहा. एका गाडीवर चार-पाच जण असतील, त्यातला एक पाइपवर, दोघे अंगावर, एक चाकांवर आणि एक पुसायला, तर मध्यम आकाराची गाडी बाहेरून स्वच्छ करायला साधारण १० ते १५ मिनिटं लागतात. सवय झाली की वेळ कमी होतो, दुपारनंतर थकवा आला की पुन्हा वाढतो.

समजा तुमचे मिनिट १२ निघाले. म्हणजे एका जागेवर तासाला ५ गाड्या. अशा ३ जागा आखल्यात आणि ४ तास काम केलंत तर कागदावर ६० गाड्या होतात. पण गाड्या तुमच्या सोयीने येत नाहीत. पहिला तास रिकामा जातो, मग एकदम रांग लागते, मध्येच पाणी बदलायचं असतं, कुणीतरी जेवायला गेलेलं असतं. म्हणून कागदावरच्या आकड्याच्या ७० टक्केच धरा. म्हणजे ४२. पुढचा सगळा हिशेब या ४२ वर करायचा, ६० वर नाही.

रंगीत तालमीचा आणखी एक फायदा होतो. काम नेमकं कुठे अडतं ते कळतं, आणि ते बहुतेक वेळा पुसण्यापाशी अडतं. फेस लावायला सगळ्यांना आवडतं, कोरडं करायला कुणी थांबत नाही आणि ओल्या गाड्या जागा अडवून उभ्या राहतात. माणसं कमी असतील तर चौथी जागा आखण्यापेक्षा पुसणाऱ्यांची जोडी वाढवा.

खर्च दोन वह्यांत लिहा

पहिल्या वहीत तो खर्च, जो एकही गाडी आली नाही तरी होणारच: जागेचं भाडं, परवानगीचं शुल्क, पाण्याचा टँकर, बादल्या, पाइप, नोझल, फलक, स्वयंसेवकांचं पाणी आणि खाणं. दुसऱ्या वहीत गाडीगणिक वाढणारा खर्च: शाम्पू, झिजणारी फडकी, जास्तीचं पाणी, ऑनलाइन पैसे घेताना कापलं जाणारं शुल्क असेल तर तेही. या दोन वह्या एकत्र केल्या की फसगत ठरलेली. पहिल्या वहीतला खर्च कमी करायचा तो मागून: बादल्या घरून आणा, पाइप उसना घ्या, जागा एखाद्या संस्थेकडून फुकट मिळवा. कुणी म्हणालं, "पैसे नाही देऊ शकत, पण टँकर पाठवतो," तर ती मदत पैशांइतकीच मोलाची आहे. तिची किंमत लिहून ठेवा आणि आभारही माना.

आता दर

प्रत्येक ठिकाणचे भाव वेगळे, म्हणून इथे चलन बाजूला ठेवू. तुमच्या भागात व्यावसायिक ठिकाणी मध्यम गाडी बाहेरून धुवायला जे पडतं, ते १०० भाग धरा. बाकी सगळे आकडे त्याच मापात मोजा.

नवा गट हमखास म्हणतो, आपण ५० ठेवू, म्हणजे गर्दी होईल. मला हे दोन कारणांनी पटत नाही. एक म्हणजे तुमची क्षमता ४२ गाड्यांची आहे, गर्दी झाली तरी हात तेवढेच राहतात. निम्म्या दरात ४२ गाड्या धुणं म्हणजे तेवढेच कष्ट आणि निम्मा निधी. दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गाड्या धुण्यावर ज्यांचं पोट आहे अशी माणसं त्याच भागात असतात. त्यांचा सुट्टीच्या दिवसाचा धंदा आपण फुकटच्या मजुरीच्या जोरावर निम्म्या भावाने खेचून घेणं कुठल्याही मदतकार्याला शोभत नाही. येणारा माणूस स्वस्त धुलाईसाठी येत नसतो, तो कारणासाठी येतो. तेव्हा दर बाजारभावाइतका ठेवा, कमी नको. वर ज्याला जेवढं द्यावंसं वाटेल तेवढं द्यायला दार उघडं ठेवा.

दर न लावता "इच्छेला येईल ते द्या" म्हटलं तर? यावर एक मोठा प्रयोग झालेला आहे. त्याचे निष्कर्ष आयलेट ग्नीझी, उरी ग्नीझी, लीफ नेल्सन आणि अंबर ब्राउन या संशोधकांनी २०१० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात मांडले. एका मनोरंजन उद्यानात रोलरकोस्टरसारख्या सफरीवर काढलेले फोटो लोकांना विकायचे होते. १२.९५ डॉलर ठरावीक किंमत ठेवली तेव्हा जेमतेम अर्धा टक्का लोकांनी फोटो घेतला. "वाटेल ते द्या" म्हटल्यावर ८ टक्क्यांहून जास्त लोकांनी घेतला, पण सरासरी एक डॉलरसुद्धा पडला नाही. मग "वाटेल ते द्या, निम्मे पैसे धर्मादाय कामाला जातील" असं सांगितलं, तेव्हा साधारण साडेचार टक्के लोकांनी फोटो घेतला आणि सरासरी रक्कम ५ डॉलरच्या पुढे गेली.

यातून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पैसे चांगल्या कामाला जाणार हे समोर दिसत असेल तर माणूस स्वतःहून बरंच जास्त देतो. पण त्याच वेळी काही जण मागे फिरतात, कारण अशा कामाला थोडकं देणं त्यांना कमीपणाचं वाटतं आणि योग्य रक्कम किती हे कळत नाही. ज्यांना संकोच वाटतो त्यांच्यासाठी आकडा लिहा आणि ज्यांना जास्त द्यायचं आहे त्यांच्यासाठी वाट मोकळी ठेवा. फलकावर "मध्यम गाडी: १०० पासून पुढे, आपल्या इच्छेप्रमाणे" असं आलं की दोन्ही साधतं. कुणी ८० देऊ शकत असेल तर हसून घ्या, रांगेतल्या इतरांसमोर घासाघीस नको.

गाडीच्या आकाराप्रमाणे दर लावताना मिनिटं बघा. मध्यम गाडीला १२ मिनिटं लागत असतील आणि मोठ्या उंच गाडीला १८, तर तिचा दर दीडपट, म्हणजे १५०. दुचाकी ६ मिनिटांत होत असेल तर ५०. एवढे तीनच दर पुरेत. दहा ओळींचं दरपत्रक वाचायला गाडीतल्या माणसाला वेळ नसतो. रकमा अशा ठेवा की सुट्ट्या पैशांचा घोळ होणार नाही.

आतली सफाई, व्हॅक्यूम, टायरला चमक असल्या जादा सेवांचा मोह आवरा. आतून एक गाडी नीट साफ करायला बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात रांगेतल्या दोन गाड्या निघून जातात. शिवाय गाडीत ठेवलेली वस्तू सापडली नाही तर संशय तुमच्या मुलांवर येतो. फारतर काचा आतून पुसणं आणि फूटमॅट झटकणं ठेवा. तेही वेगळ्या कोपऱ्यात, मालक शेजारी उभा असताना.

आता सगळं एकत्र मांडून बघू. पहिल्या वहीतला खर्च ९०० भाग आणि दुसऱ्या वहीतला गाडीमागे ६ भाग असा धरू. काही दुचाकी, थोड्या ओळखीच्या सवलती, काही जास्तीच्या देणग्या मिळून गाडीमागे सरासरी ९० मिळाले असं समजा. मग प्रत्येक गाडी ८४ भाग शिल्लक टाकते. ९०० ला ८४ ने भागलं की पावणेअकरा येतात, म्हणजे अकराव्या गाडीला खर्च निघतो आणि बाराव्यापासूनचं सगळं खुर्च्यांना. ४२ गाड्यांचे ३५२८ होतात, ९०० वजा केले की २६२८ उरतात. पावसाने घोटाळा केला आणि २०च गाड्या आल्या तर उरतात फक्त ७८०. हा दुसरा आकडा गटाला आधीच दाखवा. तो बघूनही सगळे तयार असतील तर पुढे चला.

समजा उद्दिष्ट ३००० चं आहे. ३७२ भाग कमी पडताहेत. दर वाढवण्यापेक्षा इथे वचनाची पद्धत कामी येते. जवळचे दुकानदार, नातेवाईक, जुने विद्यार्थी यांना विचारायचं: "आम्ही धुतलेल्या प्रत्येक गाडीमागे तुम्ही १ भाग द्याल का?" असे १० जण मिळाले तर ४२ गाड्यांचे ४२० आले आणि उद्दिष्ट पार झालं. वचन देणाऱ्याला कमाल रकमेची हमी द्या, म्हणजे गाड्या कितीही झाल्या तरी त्याच्यावर ६० गाड्यांपेक्षा जास्त भार येणार नाही. हे पैसे देणाऱ्याला गाडी आणावी लागत नाही आणि तुम्हाला जास्तीची बादली लागत नाही. मला तर या उपक्रमातला सगळ्यात फायद्याचा भाग हाच वाटतो आणि बहुतेक गट नेमका हाच विसरतात.

आगाऊ कुपनंही विका. पैसे आधी हातात येतात, टँकरची सोय होते. कुपनावर वेळ छापा आणि एका तासाच्या क्षमतेच्या निम्म्यापेक्षा जास्त कुपनं त्या तासाला विकू नका, नाहीतर वाटेने सहज आलेली गाडी परत जाईल. पाऊस पडला तर कुपन कोणत्या तारखेला चालेल तेही त्याच कुपनावर हवं.

जागा आणि पाणी

जागा निवडताना लोक फक्त वर्दळ बघतात. वर्दळ हवीच, पण गाडीला आत यायची आणि बाहेर पडायची वाट वेगळी हवी, सहा-सात गाड्यांची रांग आवारातच मावायला हवी (रस्त्यावर आली की वाहतूक अडते आणि कार्यक्रम बंद पडतो), नळ किंवा टँकर जवळ हवा आणि पाणी कुठे वाहून जातं ते आधी बघायला हवं. जागामालकाची लेखी परवानगी घ्या. जागेचा विमा अशा कार्यक्रमाला लागू होतो का, हेही त्यालाच विचारा.

वाहून जाणाऱ्या पाण्याबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं. घरातलं सांडपाणी बऱ्याच शहरांत प्रक्रिया केंद्रात जातं. रस्त्याकडेची पावसाच्या पाण्याची गटारं मात्र पुष्कळ ठिकाणी कोणत्याही प्रक्रियेशिवाय थेट ओढ्यात, नदीत, तलावात उतरतात. गाडीवरून उतरणाऱ्या पाण्यात नुसता साबण नसतो. तेलाचे थेंब, ब्रेकच्या भुकटीतलं तांबं, टायरच्या झिजेतलं जस्त असं सगळं त्यात असतं. साबणातले फेस आणणारे घटक माशांच्या कल्ल्यांना इजा करतात. बाटलीवर "जैवविघटनशील" लिहिलेलं असलं तरी विघटन व्हायला वेळ लागतो आणि तोवर ते पाणी ओढ्यात पोचलेलं असतं. म्हणूनच अनेक देशांत असं पाणी पावसाळी गटारात सोडायला बंदी आहे आणि काही नगरपालिका गाड्या धुणाऱ्या गटांना गटाराच्या तोंडावर बसवायची जाळी आणि छोटा पंप उसना देतात.

तुमच्याकडे तशी सोय नसेल तर जमिनीचा उतार बघा. पाणी गवताकडे किंवा खडीकडे जात असेल तर माती बराचसा मळ धरून ठेवते, मात्र जवळ विहीर किंवा कूपनलिका असेल तर ती जागा सोडा. उतार गटाराकडेच असेल तर गटाराचं तोंड रबरी चटई आणि वाळूच्या पिशव्यांनी बंद करा, साचलेलं पाणी पंपाने किंवा बादल्यांनी उचला आणि परवानगी घेऊन सांडपाण्याच्या नाळीत ओता. बादल्यांमधलं उरलेलं साबणाचं पाणीही तिथेच. हे काहीच जमत नसेल तर एखाद्या व्यावसायिक धुलाई केंद्राशी बोला: त्यांची कुपनं तुम्ही विकायची आणि ठरलेला वाटा निधीला. तिथे पाण्याची व्यवस्था आधीच असते, तुमचे कष्ट वाचतात आणि त्यांनाही नवे ग्राहक मिळतात.

पाणी किती लागेल? १५ लिटरची बादली पाइपखाली ठेवा आणि सेकंद मोजा. ४५ सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला २० लिटर झाला. तो पाइप १० मिनिटं उघडा राहिला तर एका गाडीला २०० लिटर गेले! पाइपच्या टोकाला बोट सोडताच बंद होणारं नोझल बसवा आणि पाणी फक्त सुरुवातीला व शेवटी मिळून ३ मिनिटं सोडा, की ६० लिटरमध्ये भागतं. ४२ गाड्यांचे २५२० लिटर, वर बादल्यांचं पाणी, म्हणजे ३००० लिटरची तयारी. पाणीटंचाईचे दिवस असतील तर हा उपक्रम पुढे ढकला. लोक घोटभर पाण्याला मोताद असताना गाड्या धुणं बरं दिसत नाही आणि बरं नाहीही.

धुण्याची रीत

गाडीला ओरखडे पडतात ते धुळीच्या कणांनी. म्हणून हात लावायच्या आधी गाडी वरून खाली पाण्याने भिजवून सुटी माती जाऊ द्या. मग दोन बादल्यांची पद्धत: एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून काढायचा आणि मगच परत शाम्पूत घालायचा. साधं पाणी दर दोन गाड्यांनी बदला. टपापासून सुरू करून काचा, बोनेट, दारं आणि सगळ्यात शेवटी खालचा भाग. चाकांची बादली आणि फडकी पूर्ण वेगळी, त्यांना दुसऱ्या रंगाची खूण करा, कारण ब्रेकच्या भुकटीतले धातूचे कण अंगाला लागले तर रंग खराब होतो. जमिनीवर पडलेलं फडकं पुन्हा गाडीला लावायचं नाही, ते थेट धुण्याच्या टोपलीत.

शाम्पू गाडीसाठीचाच घ्या. भांड्यांचा साबण तेलकटपणा काढायला बनवलेला असतो, तो गाडीवरचा मेणाचा संरक्षक थरही काढतो. काम शक्यतो सावलीत किंवा सकाळी करा. तापलेल्या पत्र्यावर साबण जागीच वाळतो आणि जड पाण्याचे क्षार पांढरे डाग सोडतात. शेवटचं पाणी मारल्यावर लगेच कोरड्या मायक्रोफायबरने पुसून काढा. गाडीमागे दोन-तीन फडकी लागतात. मध्येच पिळून वाळत घालायला दोरी बांधून ठेवा.

गाडी आत घेण्याआधी आणखी थोडं पाहायचं असतं. मालकासोबत एक फेरी मारा आणि आधीचे ओरखडे, सुटलेली पट्टी, तडा गेलेली काच एका कागदावर टिपून त्याची सही घ्या. यावरून पुढे होणारे वाद मिटतात. काचा बंद आहेत ना, इंधनाचं झाकण नीट लागलंय ना, ते बघा. इंजिन बंद करायला सांगा, कारण पाऊस ओळखून चालू होणारे वायपर पाण्याने अचानक फिरतात आणि काच पुसणाऱ्याच्या बोटांवर येतात. बिनकिल्लीच्या (किल्ली नुसती जवळ असली की उघडणाऱ्या) गाड्यांची किल्ली मालकाने खिशात घेऊन लांब उभं राहायचं, नाहीतर दाराच्या मुठीवर पाणी पडलं की कुलूप उघडतं किंवा बंपरखालच्या पायाने उघडणाऱ्या डिकीला पाण्याचा फवारा पाय वाटतो. विजेवरच्या गाडीला बाहेरून धुवायला हरकत नाही, फक्त चार्जिंगचं झाकण बंद हवं. इंजिनाचा भाग कुणी कितीही आग्रह केला तरी धुवायचा नाही. चकाकी नसलेला मॅट रंग, कापडी टप किंवा जुनी जपलेली गाडी आली तर नम्रपणे सांगा की आमच्या हातून ती नीट होणार नाही. बहुतेक मालक त्या प्रामाणिकपणावर खूश होऊन देणगी देतातच.

माणसं

तीन जागांना तेरा-चौदा हात धुण्यासाठी, दोघे पैशाच्या टेबलावर, दोघे गाड्यांना वाट दाखवायला आणि एक जण कशातही न अडकलेला, जो सगळीकडे लक्ष ठेवेल. एकाच पाळीत सगळ्यांना दिवसभर राबवू नका, दर दोन तासांनी कामं बदला. अंगठ्या, घड्याळं, पट्ट्यांचे बक्कल, जीन्सची बटणं यांनी रंगावर चरे पडतात, तेव्हा दागिने काढून आणि साध्या कपड्यांत या असं आधीच सांगा. पायात न घसरणारे बूट.

गाडी फक्त तिच्या मालकानेच हलवायची. स्वयंसेवकाला कितीही छान चालवता येत असली तरी नाही. गाडी हलत असताना लहान मुलांनी आखलेल्या रेषेच्या आत यायचं नाही आणि मागे घेणारी गाडी असेल तर एक मोठा माणूस समोर दिसेल असा उभा हवा. विजेची वायर, व्हॅक्यूम, स्पीकर ओल्या जागेपासून दूर. फलक धरणारी मुलं पदपथावर राहतील, रस्त्यावर उतरणार नाहीत. मला या बाबतीत कुठलीच तडजोड मान्य नाही. निधी पुन्हा गोळा करता येतो.

फलक आणि पैशाचं टेबल

धावत्या गाडीतून माणूस चार-पाच शब्द वाचतो. "गाडी धुवा, दवाखान्याला खुर्च्या द्या" आणि एक ठळक बाण. दर, तारीख, आभार हे आतल्या फलकावर. आतच उद्दिष्ट दाखवणारी पट्टी लावा आणि दर तासाला ती भरत न्या. रांगेतला माणूस ती बघतो आणि देताना हात थोडा सैल सोडतो.

पैसे गाडी धुण्याआधी घ्या. टेबलावर कायम दोघे हवेत. प्रत्येक गाडीला क्रमांकाची पावती द्या, तिचा अर्धा भाग तुमच्याकडे राहील. ऑनलाइन रकमेचा कोड संस्थेच्या नावाच्या खात्याचाच असू द्या, कुणाच्या वैयक्तिक खात्याचा नको, मग तो माणूस कितीही विश्वासाचा असो. सुरुवातीला ठेवलेल्या सुट्ट्या पैशांची रक्कम वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. दर तासाला पेटी रिकामी करून पैसे सुरक्षित जागी हलवा. शेवटी दोघांनी मिळून मोजायचं: पावत्यांचे क्रमांक, रोख आणि ऑनलाइन रक्कम जुळली की दोघांच्या सह्या.

संपायच्या वेळेआधी अर्धा तास नवी गाडी घेणं थांबवा, म्हणजे शेवटच्या गाडीलाही पहिल्या गाडीइतका वेळ मिळेल. त्यानंतर गटारावरची चटई साचलेलं पाणी उचलल्यावरच काढायची, गाळ झाडून कचऱ्यात टाकायचा आणि जागा मालकाला दाखवून ताब्यात द्यायची.

आठवड्याच्या आत हिशेब जाहीर करा: किती गाड्या, किती जमा, किती खर्च, किती रक्कम संस्थेला दिली आणि तिची पोच. वचन देणाऱ्यांना गाड्यांचा आकडा कळवून पैसे मागा, उशीर झाला की वसुली अवघड होते. आणि वहीत कोणत्या तासाला किती गाड्या आल्या, एका गाडीला खरंच किती मिनिटं लागली, पाणी आणि शाम्पू किती संपलं हे लिहून ठेवा. पुढच्या वेळी ७० टक्क्यांच्या अंदाजाऐवजी हेच आकडे वापरायचे आहेत.